सरकारी विम्याचं कार्ड असूनही गरीब घर कर्जात का जातं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विकसनशील देशातलं सरकार कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचा आरोग्य विमा काढतं, हप्ता स्वतः भरतं, कार्डं वाटतं, तरी आजारपणात ही कुटुंबं कर्ज काढतातच. मग अशा विम्याचा खरोखर उपयोग होतो का? आणि होत असेल, तर चांगली योजना आणि नुसती दिखाऊ योजना यांतला फरक ओळखायचा कसा?

उपयोग होतो, कधी कधी फार मोठा होतो. पण तो किती लोकांना कार्ड मिळालं यावर ठरत नाही, आणि कार्डावर केवढी रक्कम छापली आहे यावर तर मुळीच नाही. सरकार त्या पैशात नेमकी कोणती सेवा विकत घेतं, कोणाकडून घेतं आणि कोणत्या दराने घेतं, यावर तो ठरतो. दावे, म्हणजे रुग्णालयांनी केलेल्या बिलाच्या मागण्या, तपासणं आणि उपचारांचे दर ठरवणं या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूला झुकलेलं वाटेल. वाटू दे.

सुरुवात घराच्या हिशेबापासून करू. आजारपणाचा खर्च म्हटलं की डोळ्यांपुढे शस्त्रक्रिया येते. ती महाग असतेच, पण बहुतेक घरांत ती वर्षानुवर्षं होत नाही. दर महिन्याला होतो तो रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा खर्च, दम्याच्या पंपाचा, मिरगीच्या औषधाचा, तपासण्यांचा, शिवाय दवाखान्यापर्यंतच्या भाड्याचा. भारतात लोकांच्या खिशातून आरोग्यावर जाणाऱ्या पैशात सर्वांत मोठा वाटा औषधांचा आहे, आणि त्यातली बहुतेक औषधं दाखल न होता, ओपीडीत दाखवून घेतलेली असतात. मात्र योजना आखताना पहिलं कलम ‘रुग्ण दाखल असला पाहिजे’ हे असतं. कारण सरळ आहे. दाखल झालेला रुग्ण मोजता येतो, त्याचं बिल तपासता येतं. ओपीडीतला रोजचा किरकोळ खर्च तपासायला माणसं पुरत नाहीत. म्हणजे विमा जे मोजायला सोपं आहे तेवढ्यालाच मिळतो, आणि घर ज्या खर्चाने पोखरलं जातं तो तसाच राहतो.

भारताची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना २००८ मध्ये सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचं संरक्षण, पाच माणसांपर्यंत, स्मार्ट कार्डावर, नोंदणीला फक्त ३० रुपये. तिच्या जागी २०१८ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत ही रक्कम ५ लाखांवर गेली आणि कुटुंबातल्या माणसांच्या संख्येची अटही काढली. ही अट काढणं हा माझ्या मते ५ लाखांच्या आकड्यापेक्षा मोठा बदल होता, कारण पाचांची यादी करायची झाली की घरातली म्हातारी माणसं आणि मुली आधी गळायच्या. पण मूळ रचना तीच राहिली. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरले, तरी विमा खाटेभोवतीच फिरतो. सोळाव्या दिवसापासून हृदयरोग्याच्या गोळ्या घरच्यांनीच आणायच्या.

याचा एक चांगला पुरावा मेक्सिकोत मिळतो. तिथल्या ‘सेगुरो पॉप्युलर’ या योजनेचा कायदा २००३ मध्ये झाला. ज्यांना नोकरीतून सामाजिक विमा मिळत नव्हता अशांसाठी ती होती. योजना टप्प्याटप्प्याने पसरणार होतीच, तेव्हा कोणत्या भागाला आधी द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं आणि दोन्ही गटांची तुलना झाली. इतक्या मोठ्या सरकारी योजनेची अशी परीक्षा क्वचितच होते. २००९ मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की साधारण दहा महिन्यांतच कुटुंब बुडवणाऱ्या खर्चाचं प्रमाण घटलं. पण औषधांवरच्या खर्चात फरक पडला नाही, आणि लोकांनी दवाखान्यात जाण्याचं प्रमाणही वाढलं नाही. काही जण याला अपयश म्हणतात. मला ते पटत नाही. मोठा फटका टळला, हे दहा महिन्यांसाठी पुष्कळ झालं. फक्त औषधाचा खर्च विम्याने आपोआप कमी होत नाही, हे त्यातून स्वच्छ दिसलं.

जाता जाता मापाबद्दल एक गोष्ट. ‘कुटुंब बुडवणारा खर्च’ मोजण्याची जी पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांसाठी आधी ठरली, तिच्यात घराच्या एकूण खर्चाच्या १० टक्क्यांहून (आणि दुसऱ्या, कडक मापाने २५ टक्क्यांहून) जास्त पैसा आरोग्यावर गेला का, हे २०२५ पर्यंत पाहत. जे कुटुंब पैसे नाहीत म्हणून उपचारालाच गेलं नाही, त्याचा खर्च शून्य. म्हणजे या मापाने ते सुरक्षित! बुडालेली मजुरीही यात येत नाही. तेव्हा योजना आल्यावर खर्च वाढलेला दिसला तर लगेच ती फसली असं म्हणू नये. पूर्वी घरी पडून राहणारा माणूस आता रुग्णालयात पोहोचला, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

आता दरांकडे येतो, कारण खरा खेळ तिथे आहे. बहुतेक योजना प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम देतात. त्यालाच पॅकेज म्हणतात. अमुक शस्त्रक्रिया, अमुक रुपये, त्यात तपासण्या, औषधं, खाट, जेवण सगळं आलं. कल्पना चांगली आहे; रुग्णालयाने उगाच तपासण्या वाढवल्या तर तोटा त्याचाच. पण दर खर्चापेक्षा कमी ठेवला की तीनपैकी एक गोष्ट होते. रुग्णालय ‘खाट रिकामी नाही’ म्हणतं. किंवा ‘योजनेतलं साहित्य साधं असतं, चांगलं हवं तर वरचे पैसे भरा’ असं नातेवाइकांना सांगतं. किंवा औषधाची चिठ्ठी हातात देऊन बाहेरून आणायला लावतं. तिसरा प्रकार सर्वांत अवघड, कारण तो पैसा कुठल्याच बिलात येत नाही. कागदोपत्री उपचार पूर्ण मोफत झालेला असतो. फिलिपिन्सने २०११ मध्ये सरकारी रुग्णालयांत आरोग्य विम्याच्या गरीब सभासदांकडून वरचा एकही पैसा घ्यायचा नाही असा नियम केला. नियम योग्यच होता, पण रुग्णालयाच्या औषधालयातच औषध नसेल तर तिथला अधिकारी तरी काय पाळणार?

दर खर्चापेक्षा बराच जास्त ठेवला तर त्याच्या उलट होतं. २०१२ च्या सुमारास छत्तीसगड आणि बिहारमध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेखाली गरज नसताना स्त्रियांची गर्भाशयं काढल्याची प्रकरणं बाहेर आली. पांढरं जाणं, पोटदुखी अशा तक्रारी घेऊन आलेल्या तरुण बायकांना ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घालायची आणि शस्त्रक्रिया करून टाकायची. साध्या औषधोपचाराला योजनेत पैसे नाहीत, शस्त्रक्रियेला आहेत, आणि रुग्णाच्या खिशातून काही जात नसल्यामुळे घरचे दुसरं मत घ्यायलाही जात नाहीत. डॉक्टरांची नीतिमत्ता हा त्यातला एक भाग झाला. पण ज्या दरपत्रकाने तो रस्ता आखून दिला ते तयार करणाऱ्या आमच्यासारख्यांचं नाव बातमीत येत नाही.

अशी गोष्ट पकडायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. एकाच शस्त्रक्रियेचे दावे एकाच रुग्णालयातून, एकाच गावातून, एकाच आठवड्यात येऊ लागले की यादीतच ते उठून दिसतं. रुग्णांचं सरासरी वय पाहावं. एका शल्यचिकित्सकाने एका दिवसात किती शस्त्रक्रिया केल्या ते पाहावं. पण त्यासाठी मुळात नोंदी खऱ्या हव्यात. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या जन आरोग्य योजनेवरच्या २०२३ च्या अहवालात सुमारे साडेसात लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले आढळले होते. याचा अर्थ तितके घोटाळे झाले असा नाही. बहुधा नोंदणी करणाऱ्याने रकाना भरायचा म्हणून नऊ दाबले असतील. तरी ज्या रुग्णाचा फोन नंबरच खोटा, त्याला ‘तुमच्याकडून वरचे पैसे घेतले का’ हे विचारणार कसं?

फसवणुकीच्या बातम्या गाजतात, पण माझ्या अनुभवात योजनेला फसवणुकीपेक्षा जास्त मारतो तो उशीर. रुग्णालयाने उपचार केला, दावा पाठवला, आणि पैसे महिनोन्‌महिने येईनात. घानाच्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात हे दुखणं वर्षानुवर्षं चाललं. मोठं रुग्णालय तग धरतं. छोटं, प्रामाणिक रुग्णालय आधी औषधांचा साठा कमी करतं, मग कार्डवाल्यांना थांबवून ठेवतं, शेवटी योजनेतून बाहेर पडतं. जे मागे उरतात त्यांच्यात रुग्णाकडून परस्पर वसुली करणारे जास्त असतात. दावा पंधरा दिवसांत मंजूर करून पैसे देणारी कंजूष योजना ही सहा महिने ताटकळवणाऱ्या उदार योजनेपेक्षा गरिबाच्या जास्त कामाची आहे, असं मी नेहमी म्हणतो. वित्त खात्यातल्या लोकांना ते आवडत नाही.

विकत घेण्याची दुसरी रीत थायलंडची. तिथे २००१ मध्ये काही प्रांतांत सुरू झालेली योजना २००२ पर्यंत देशभर पोहोचली. दर भेटीला ३० बाथ, म्हणून ‘तीस बाथ योजना’ हेच नाव लोकांच्या तोंडी बसलं. पण खरी हुशारी त्या तीस बाथमध्ये नव्हती. ओपीडीसाठी दर डोई ठरावीक रक्कम जिल्ह्याच्या आरोग्ययंत्रणेला आधीच दिली जाते, माणूस आजारी पडो वा न पडो. दाखल रुग्णांसाठी आजाराच्या गटानुसार पैसे मिळतात, पण एकूण खर्चाला वर्षाची मर्यादा असते. त्यामुळे ओपीडी योजनेच्या आत आली, आणि रक्तदाबाच्या रुग्णाला गोळ्या देऊन घरी ठेवणं यात यंत्रणेचाच फायदा झाला. या रीतीलाही खोट आहेच: पैसे आधी मिळाले की काम टाळण्याचा मोह होतो, रांगा वाढतात. सगळं पहिल्या दिवसापासून देणंही त्यांनी टाळलं. डायलिसिस सुरुवातीला योजनेत नव्हतं. ते २००८ मध्ये आलं, आणि तेव्हाही घरी करता येणाऱ्या, पोटातून केल्या जाणाऱ्या डायलिसिसला प्राधान्य देऊन. काय द्यायचं नाही हे उघडपणे सांगण्याचं धैर्य फार थोड्या सरकारांत असतं.

थायलंडचं नाव घेणारे बहुतेक जण त्याआधीची तीस वर्षं विसरतात. १९७० च्या दशकापासून तिथे नव्या डॉक्टरांना ग्रामीण भागात सक्तीची सेवा होती, आणि पुढच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यात सरकारी रुग्णालयं उभी राहिली. विमा आला तेव्हा विकत घ्यायला सेवा होती. जिथे तालुक्याला भूलतज्ज्ञ नाही तिथे सिझेरियनचं पॅकेज कितीही वाढवा, त्या बाईला शहरातच न्यावं लागणार, आणि गाडीभाड्याचं कर्ज त्याच दिवशी होणार. म्हणून मला विचारलं, की मर्यादित पैसा विम्यात घालावा की सरकारी दवाखान्यांत, तर ज्या भागात दवाखानाच नाही तिथे माझं उत्तर दवाखाना हेच आहे.

मग दाखल रुग्णांपुरता विमा अगदी निरुपयोगी का? नाही, आणि याचं उदाहरण कर्नाटकात आहे. वाजपेयी आरोग्यश्री ही योजना २०१० मध्ये राज्याच्या उत्तर भागात आधी सुरू झाली. फक्त हृदयरोग, कर्करोग, भाजणं अशा मोठ्या उपचारांसाठी, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना, वेगळी नोंदणी नाही, हप्ता नाही. सीमारेषेच्या अलीकडची आणि पलीकडची गावं ताडून पाहिली तेव्हा योजनेतल्या गावांत गरीब घरांमधले या आजारांनी होणारे मृत्यू बरेच कमी दिसले, आणि रुग्णालयावरचा खिशातला खर्चही सुमारे एक तृतीयांशाने घटला. ही योजना सगळं करायला गेली नाही. जे आजार उपचार केला तर बरे होतात आणि न केला तर मारतात, तेच निवडले. गावात शिबिरं घेऊन रुग्ण शोधले आणि त्यांना रुग्णालयापर्यंत आणलं. रुग्ण शोधायला कोणी बाहेर पडतं का, हा प्रश्न योजनेच्या कागदावर सहसा नसतो.

नोंदणीबद्दल थोडक्यात, कारण त्यावर लिहिलं फार जातं. गरिबांनी स्वेच्छेने हप्ता भरून विमा घ्यावा ही कल्पना जवळजवळ सगळीकडे अडखळली. व्हिएतनामने गरिबांचा पूर्ण हप्ता भरला, तर दारिद्र्यरेषेच्या जरा वर असलेल्या कुटुंबांना आधी निम्मी आणि पुढे ७० टक्के सवलत दिली. तरी त्यांची नोंदणी बरीच वर्षं मागेच राहिली. इंडोनेशियात २०१४ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत असंघटित क्षेत्रातली माणसं आजारी पडल्यावर नाव नोंदवतात आणि बरी झाली की हप्ता थांबवतात. यात लोकांचा दोष नाही. ज्याच्या हातात आठवड्याची कमाई असते तो वर्षाचा विचार कसा करेल? रवांडाने मात्र हप्ता ठेवूनही बहुसंख्य लोकांना सामावून घेतलं. २०११ पासून कुटुंबाच्या स्थितीनुसार २,०००, ३,००० आणि ७,००० फ्रँक असे दर होते, आणि सर्वांत गरिबांचा हप्ता त्यांच्या वतीने भरला जायचा. तिथे गाव पातळीवर प्रशासनाचा जो रेटा आहे तो इतर देशांकडे नाही, हे ध्यानात ठेवूनच ते उदाहरण घ्यावं.

विमा कंपनीला दर कार्डामागे पैसे दिले की आणखी एक गंमत होते. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कंपनीला नोंदलेल्या प्रत्येक कुटुंबामागे हप्ता मिळायचा. नोंदणी धडाक्यात झाली. पण कार्ड वापरायचं कसं, कोणत्या रुग्णालयात जायचं, हे सांगण्यात कंपनीचा काय फायदा? उपचार झाला की तिचा पैसा जातो.

पैसा कुठून आणायचा याचं उत्तर सोपं आहे आणि कोणालाच ते आवडत नाही: करांतून. घानाने मूल्यवर्धित करावर अडीच टक्क्यांची आरोग्य आकारणी लावली आणि विम्याच्या निधीचा सर्वांत मोठा भाग तिथूनच आला. फिलिपिन्सने २०१२ मध्ये दारू-तंबाखूवरचा कर वाढवून गरिबांचे हप्ते भरले. गरिबांकडून गोळा केलेला हप्ता बहुतेक ठिकाणी गोळा करण्याच्या खर्चालाही जेमतेम पुरतो.

राजकारणाचा धोका वेगळाच. मेक्सिकोची ती योजना २०२० च्या सुरुवातीला बंद झाली. तिच्या जागी ‘इन्साबी’ ही नवी संस्था आली आणि २०२३ मध्ये तीही मोडीत निघाली. कोणाला सेगुरो पॉप्युलरच्या उणिवा दाखवायच्या असतील तर त्या होत्याच. पण कर्करोगाच्या मुलाचा उपचार अर्ध्यावर असताना यंत्रणा बदलते, तेव्हा त्या घराला जे भोगावं लागतं ते कुठल्याच मूल्यमापनात येत नाही.

एखाद्या देशाची किंवा राज्याची योजना तपासायची झाली तर मी माहितीपत्रक बाजूला ठेवतो. दावा सरासरी किती दिवसांत चुकता होतो ते विचारतो. कोणते उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवले आहेत आणि का, ते विचारतो. ओपीडीची औषधं कुठून मिळतात, आणि गेल्या महिन्यात रक्तदाबाची सर्वांत साधी गोळी किती दिवस संपलेली होती, ते विचारतो. या एका प्रश्नावर बैठकीत शांतता पसरली तर पुढचं बरंच कळतं. योजनेतली रुग्णालयं नकाशावर मांडून पाहतो, कारण संख्या शेकड्यांत असली तरी निम्मी एकाच शहरात निघतात. आणि दरपत्रक शेवटचं कधी बदललं ते पाहतो.

सर्वांत उपयोगी तपासणी मात्र सर्वांत स्वस्त आहे. घरी सोडल्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी काही रुग्णांना, दाव्यांच्या यादीतून कसेही निवडून, फोन करायचा. फोन रुग्णालयाने किंवा विमा कंपनीने नव्हे, तिसऱ्याच कोणी करायचा. तीनच गोष्टी विचारायच्या: बाहेरून काय आणायला लावलं, त्याचे पैसे कोणाकडून उसने घेतले, आणि आज औषध चालू आहे की संपलं. ही उत्तरं रुग्णालयानुसार मांडून दर महिन्याला जाहीर करायची. जिथे पैसे उकळले जातात त्या रुग्णालयाचे पुढचे दावे अडवायचे आणि तेवढी रक्कम कापून रुग्णाला परत द्यायची. असं करायला नवा कायदा लागत नाही, करारात एक कलम पुरतं. पण नव्या योजनेच्या करारात ते घालायला सांगा आणि कोण कोण विरोध करतं ते बघा.